जिओकॅशिंगचा डेटा : शोधाचे फिल्टर आणि एक्स्पोर्ट यांची रचना

डेटाबेसच्या अभ्यासक्रमात ‘सिलेक्ट’, ‘व्हेअर’ आणि ‘लिमिट’ ही कलमे आपण पहिल्या काही तासांतच शिकतो आणि पुढे जातो. प्रकल्पाची वेळ आली की वेबसाइटवर शोधाचा चौकोन येतो, त्याखाली चार-पाच फिल्टर येतात, शेवटी डाउनलोडचे बटन येते आणि काम झाले असे समजले जाते. परीक्षकही तेवढेच दाबून पाहतात. या टिपणात आपण याच दोन दुर्लक्षित गोष्टी, म्हणजे शोधाचे फिल्टर आणि डेटाचे एक्स्पोर्ट, जिओकॅशिंग नावाच्या एका छंदाच्या आधाराने तपासणार आहोत. हा छंद निवडण्याचे कारण असे, की इथे फिल्टर चुकला तर कोणीतरी माणूस खरोखर चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि तिथे बहुधा मोबाइलला नेटवर्क नसते. हातात फक्त सकाळी उतरवून घेतलेली फाइल असते.

एक सूचना आधीच देतो. फाइलींमधील टॅगांची आणि फील्डांची नावे या टिपणात देवनागरीत लिहिली आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत असतात.

छंदाची थोडक्यात ओळख

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सामान्य रिसीव्हर सुमारे १०० मीटर इकडेतिकडे दाखवू शकत असे. आता तो १०-२० मीटरच्या आत जागा दाखवू लागला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश यूजनेटवर जाहीर केले. ज्याला ती सापडेल त्याने वहीत नोंद करायची, एवढाच खेळ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झाले. आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. मूळ शब्द ‘कॅश’ आहे, पण मराठीत त्याने रोख रकमेचा घोटाळा होतो, म्हणून आपण सरळ ‘डबा’ म्हणू.

भारतात हे डबे तुरळक आहेत. जर्मनी, चेकिया, अमेरिका इथे ते दाट आहेत आणि फिल्टरांची खरी कसोटी दाट डेटातच लागते. म्हणून आपली उदाहरणे बर्लिनची असतील.

प्रत्येक डब्याच्या नोंदीत जीसी या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो, अक्षांश-रेखांश असतात, डब्याचा प्रकार व आकार असतो, आणि दोन दर्जे असतात: शोधायला किती अवघड हे सांगणारी ‘डिफिकल्टी’ आणि तिथवर पोहोचायला किती अवघड हे सांगणारे ‘टेरेन’. दोन्ही दर्जे १ ते ५ या दरम्यान अर्ध्या अर्ध्या पायरीने जातात. म्हणजे प्रत्येकी ९ पायऱ्या आणि एकूण ८१ जोड्या. या सर्व ८१ जोड्या पूर्ण करण्याची ईर्ष्या बाळगणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘टेरेन २ ते ३’ असा नुसता पट्टा देणारा फिल्टर त्यांना पुरत नाही; ‘माझ्या खात्यात अजून न आलेल्या जोड्या’ असा फिल्टर हवा असतो. हा सरळ अँटी-जॉइन आहे, आणि तरी फार थोड्या प्रकल्पांत तो दिसतो. याखेरीज नोंदीत गुणधर्मांची यादी असते (प्रवेश शुल्क आहे का, दोर-साहित्य लागते का, रात्री जाता येते का) आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात.

टेरेन १ या दर्जाला विशेष अर्थ आहे. व्हीलचेअरवरून पोहोचता येईल अशी जागा, असा त्याचा संकेत आहे. आपण एक वापरकर्ती डोळ्यांपुढे ठेवू: बर्लिनमध्ये राहणारी, व्हीलचेअर वापरणारी. तिला शनिवारी बाहेर पडायचे आहे. तिचा प्रश्न असा : घरापासून १० किलोमीटरच्या आत, व्हीलचेअर पोहोचेल असे, धोकादायक नसलेले, मला अजून न सापडलेले डबे, आणि त्यांच्याजवळची गाडी लावायची जागा. या एका वाक्यात कोणकोणते सापळे आहेत ते आता पाहू.

दहा किलोमीटर म्हणजे किती अंश?

तीस लाख नोंदींपैकी प्रत्येकीचे अंतर त्रिकोणमितीने काढणे परवडत नाही. म्हणून आधी केंद्राभोवती एक चौकोन आखून इंडेक्सच्या मदतीने त्यातील नोंदी घ्यायच्या आणि मग फक्त त्यांचेच खरे अंतर मोजायचे, ही नेहमीची पद्धत. एसक्यूलाइटमधील आर-ट्री किंवा पोस्टजीआयएसमधील अंतराचे फंक्शन आतून हेच करते. चौकोनात वर्तुळापेक्षा क्षेत्र जास्त असते. चौकोनातील साधारण २१ टक्के भाग वर्तुळाबाहेर असतो. तेवढे उमेदवार दुसऱ्या पायरीत गळतात. इथपर्यंत ठीक.

घोटाळा चौकोन आखताना होतो. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे १० किलोमीटरसाठी ०.०९ अंश. अनेक विद्यार्थी हाच आकडा रेखांशालाही लावतात. पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. बर्लिनचा अक्षांश ५२.५२, त्याचा कोसाइन सुमारे ०.६१. म्हणजे रेखांशात ०.०९ अंश घेतले तर पूर्व-पश्चिम फक्त ६.१ किलोमीटर झाकले जातात. योग्य आकडा आहे ०.१४८ अंश.

ही चूक कुठे बसून तपासता यावर सापडणे-न सापडणे ठरते, हे मला मोठे शिकवणारे वाटते. कन्याकुमारीत हाच कोड चालवला तर पूर्व-पश्चिम ९.९ किलोमीटर मिळतात, कोणाच्या लक्षातही येणार नाही. श्रीनगरात ८.३ मिळतात. म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाच्या महाविद्यालयात सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेला प्रोग्रॅम बर्लिनच्या माणसाला अपुरे शहर दाखवेल, आणि कुठेही एरर येणार नाही. चाचणीचे बिंदू निवडताना आपले गाव सोडून एक बिंदू साठ अंशांच्या आसपासचा जरूर घ्या, आणि एक १८० अंश रेखांशाजवळचा. तिथे चौकोनाची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा मोठ्या आकड्याची होते आणि ‘बिटवीन’ काहीच परत करत नाही.

आणखी एक बारकावा. कोड्याच्या प्रकारातील डब्यांचे जाहीर केलेले अक्षांश-रेखांश खरे नसतात. कोडे सोडवल्यावर खरी जागा कळते. ती जाहीर बिंदूपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. ज्याने कोडे सोडवून दुरुस्त केलेले आकडे स्वतःच्या खात्यात भरले आहेत, त्याच्यासाठी अंतर त्या आकड्यांवरून काढले पाहिजे. ज्याने सोडवलेले नाही त्याच्यासाठी ‘१० किलोमीटरच्या आत’ हे विधान अशा डब्यांपुरते अंदाजाचेच आहे, आणि यादीत तसे दिसले पाहिजे.

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

आता गुणधर्मांकडे येऊ. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे इथे थोडे थांबू.

जिओकॅशिंग डॉट कॉमच्या फाइलीत गुणधर्म असा लिहिलेला असतो : एक आयडी, आणि ‘इंक’ नावाचे एक फील्ड, ज्याची किंमत १ किंवा ०. व्हीलचेअरचा आयडी २४ आहे, धोकादायक परिसराचा २३. आयडी २४ आणि इंक १ म्हणजे ‘व्हीलचेअर पोहोचते’. आयडी २४ आणि इंक ० म्हणजे ‘पोहोचत नाही’. आणि २४ चा उल्लेखच नसेल तर? तर डबा ठेवणाऱ्याने त्याबद्दल काहीही सांगितलेले नाही. तीन स्थिती आहेत, दोन नाहीत.

वेबपानावर मात्र आपण एक टिकमार्कचा चौकोन ठेवतो, आणि त्याला दोनच स्थिती असतात. टिक नसलेला चौकोन म्हणजे ‘नको’ की ‘कसेही चालेल’? वापरकर्त्याला एक वाटते, प्रोग्रॅमरने दुसरे लिहिलेले असते. एसक्यूएलच्या भाषेत पाहा. ‘व्हीलचेअर पोहोचते’ यासाठी आयडी २४ व इंक १ अशी ओळ अस्तित्वात असली पाहिजे. हा ‘एक्झिस्ट्स’चा प्रश्न. ‘धोकादायक नाही’ हे मात्र दोन प्रकारे लिहिता येते. एक : आयडी २३ व इंक ० अशी ओळ अस्तित्वात आहे. दोन : आयडी २३ व इंक १ अशी ओळ अस्तित्वात नाही. पहिल्यात फक्त ज्यांनी स्पष्ट ‘धोका नाही’ म्हटले तेच डबे येतात, आणि अशी तसदी फार थोडे लोक घेतात. दुसऱ्यात ज्यांनी काहीच म्हटले नाही ते सगळे येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मग पडद्यावर काय ठेवावे? प्रत्येक गुणधर्मासाठी ‘हवे’, ‘नको’, ‘कसेही’ असे तीन पर्याय, आणि ‘हवे’ किंवा ‘नको’ निवडल्यावर एक छोटी विचारणा: ज्यांची माहिती नाही ते डबे धरायचे की वगळायचे? मूळ निवड कोणती ठेवायची हे त्या गुणधर्माच्या स्वभावावर ठरवावे. कुत्रा सोबत नेता येतो का, याची माहिती नसलेला डबा यादीत आला तर फारसे बिघडत नाही. व्हीलचेअरच्या बाबतीत माहिती नसलेला डबा यादीत आला, तर आपली वापरकर्ती ट्रॅम बदलून तिथे पोहोचते आणि समोर सहा पायऱ्या असतात. तिचा दिवस त्या सहा पायऱ्यांशी संपतो. अशा गुणधर्मांना ‘माहीत नाही’ म्हणजे ‘वगळा’ हीच मूळ निवड असली पाहिजे, आणि किती डबे या कारणाने वगळले तो आकडा खाली दाखवला पाहिजे, म्हणजे तिला हवे तर ती एकेका डब्याचे वर्णन वाचून स्वतः ठरवू शकेल.

टेरेनचा दर्जा आणि गुणधर्म एकमेकांशी विसंगत असतील तर काय करावे? टेरेन ३ लिहिले आहे आणि व्हीलचेअरही पोहोचते म्हटले आहे, असे होऊ शकते. प्रोग्रॅमने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही आकडे शेजारी दाखवावेत आणि ओळीवर विसंगतीची खूण करावी.

याच ठिकाणी फाइलच्या आवृत्तीचाही संबंध येतो. या फाइल-प्रकाराच्या सुरुवातीच्या आवृत्तीत गुणधर्मांना जागाच नव्हती; ते १.०.१ या आवृत्तीत आले. जुन्या आवृत्तीची फाइल वाचून ‘धोकादायक नसलेले’ असा दुसऱ्या प्रकारचा फिल्टर लावला, तर सगळेच डबे निर्धोक ठरतात. फाइल वाचणाऱ्या कोडने आवृत्ती पाहून ‘या फाइलीत गुणधर्म नाहीतच’ हे स्वतंत्रपणे नोंदवले पाहिजे.

आधी फिल्टर, मग मर्यादा

जिओकॅशिंग डॉट कॉमवर पैसे भरणाऱ्या सभासदांना ‘पॉकेट क्वेरी’ नावाची सोय मिळते. निकष ठरवायचे आणि तयार झालेली फाइल उतरवून घ्यायची. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० डबे, दिवसाला १० क्वेरी. अशी मर्यादा कोणत्याही सेवेला ठेवावीच लागते. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असते ती मर्यादा गुपचूप लागू होते तेव्हा.

समजा १० किलोमीटरच्या आत २४०० डबे आहेत आणि त्यांपैकी १८० टेरेन १ चे आहेत. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमने सर्व्हरकडून जवळचे १००० डबे आणले आणि टेरेनचा फिल्टर मोबाइलवर लावला. डबे सर्वत्र सारखे पसरले आहेत असे धरले तर १००० डबे साडेसहा किलोमीटरच्या आतच संपतात आणि टेरेन १ चे सुमारे ७५ हाती लागतात. पडद्यावर येते : ‘७५ डबे सापडले’. वापरकर्तीने १० किलोमीटर निवडले होते, पडद्यावरही १० च लिहिलेले आहे. उरलेले १०५ डबे कुठे गेले हे तिला कधीच कळणार नाही. क्वेरी बरोबर, फिल्टर बरोबर, फक्त क्रम चुकला. नियम साधा आहे: जो फिल्टर मर्यादेनंतर लागतो तो फिल्टर अपुरा आहे. काही फिल्टर सर्व्हरवर लावता येत नसतील तर निदान ‘जवळच्या १००० पैकी ७५’ असे लिहा.

मर्यादेत राहून मोठा प्रदेश कसा उतरवायचा, यावर हौशी लोकांनी स्वतःच एक सुंदर युक्ती काढली आहे. ते प्रदेशाचे नकाशावर तुकडे पाडत नाहीत. डबा ठेवल्याच्या तारखेनुसार पाडतात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ठेवलेले डबे एका क्वेरीत, त्यापुढचे दुसऱ्या. असे का? कारण जुन्या तारखांच्या तुकड्यात नवा डबा येऊ शकत नाही. तिथे डबे फक्त कमी होत जातात, म्हणून तो तुकडा एकदा १००० च्या आत बसला की कायम बसतो. वाढतो तो फक्त शेवटचा तुकडा. डेटाबेसच्या पुस्तकात ज्याला स्थिर विभाजन म्हणतात ते हेच. ‘ऑफसेट’ वापरून पाने पाडणारे प्रोग्रॅम याच कारणाने चुकतात: दोन पानांच्या मधल्या वेळेत एक नोंद निघून गेली की पुढच्या पानावरची पहिली नोंद मागच्या पानात सरकते आणि कोणालाच दिसत नाही. तुकड्यांच्या सीमा मात्र एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने खुल्या ठेवा, नाहीतर सीमेवरच्या तारखेचे डबे दोनदा येतील किंवा एकदाही येणार नाहीत.

फाइलीत उतरताना काय गळते

या क्षेत्रातील प्रमुख फाइल-प्रकार म्हणजे जीपीएक्स. एक्सएमएलवर आधारलेला हा प्रकार टोपोग्राफिक्स या कंपनीने २००२ मध्ये आणला, १.१ ही आवृत्ती २००४ ची. ‘डब्ल्यूपीटी’ या टॅगात एक बिंदू असतो, त्याचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत असतात, वेळ यूटीसीमध्ये असते. डिफिकल्टी, टेरेन, गुणधर्म आणि नोंदी मात्र मूळ जीपीएक्समध्ये नाहीत. त्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये, विस्तार म्हणून येतात. विस्तार न समजणारा प्रोग्रॅम त्यांना ओलांडून पुढे जातो, आणि एक्सएमएलच्या नियमांनुसार ते चूकही नाही. पण त्याच प्रोग्रॅमने फाइल पुन्हा लिहिली की विस्तार गायब होतात. बिंदू राहतो, व्हीलचेअर जाते. न समजलेला मजकूर जसाच्या तसा पुढे देणे, एवढी शिस्त तुमच्या कोडला असली पाहिजे.

पार्किंगची जागा हे आणखी एक उदाहरण. पॉकेट क्वेरीत मुख्य डबे एका फाइलीत आणि त्यांच्याशी संबंधित जादा बिंदू (पार्किंग, वाटेची सुरुवात, मधले टप्पे) दुसऱ्या फाइलीत येतात. दोघांचा संबंध फक्त नावावरून जोडायचा: डब्याच्या कोडातील जीसी ही दोन अक्षरे बदलून दुसरी दोन घातली की जादा बिंदूचे नाव तयार होते. फॉरेन की नाही, नुसता नावाचा संकेत. चालतो, पण लोक एकच फाइल मोबाइलवर टाकतात आणि पार्किंग मागे राहते. आपण नवा एक्स्पोर्ट लिहीत असू तर जादा बिंदूत मूळ डब्याचा कोड स्वतंत्र फील्ड म्हणून लिहावा आणि दोन्ही एकाच फाइलीत द्यावेत.

अंकांचे रूप हाही जुना शत्रू आहे. छंदाच्या वेबपानांवर अक्षांश ‘उ ५२° ३१.२५०′’ असे, म्हणजे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. हे दशांश अंशांत ५२.५२०८३ होते. कोणी घाईने ५२.३१२५० असे वाचले तर बिंदू २३ किलोमीटर दक्षिणेला जातो, आणि तरीही तो जर्मनीतच असल्यामुळे संशय येत नाही. किती दशांश स्थळे ठेवायची? मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर, अंशाचे पाचवे दशांश स्थळ म्हणजे १.१ मीटर. पाच पुरेत, सहा ठेवले तर निर्धास्त. तीनच ठेवले तर एका पायरीत १११ मीटर येतात, आणि दोन डब्यांमधील किमान अंतराचा नियम १६१ मीटरचा आहे. म्हणजे आपण जवळजवळ शेजारच्या डब्यापर्यंत पोहोचलो.

सीएसव्ही मागणारेही पुष्कळ असतात, कारण एक्सेल सर्वांकडे आहे. जर्मन भाषेच्या एक्सेलमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब तारखेसाठी. त्यामुळे टेरेन ‘१.५’ असे लिहिलेली फाइल उघडली की रकान्यात १ मे दिसतो. हा विनोद नाही. अशा फाइलीवर टेरेनचा फिल्टर लावला तर दीड, अडीच, साडेतीन दर्जाचे सगळे डबे निसटतात आणि १, २, ३ वाले तेवढे उरतात. सीएसव्ही देताना वापरकर्त्याची दशांश-पद्धत विचारा.

अक्षरांबद्दल थोडक्यात. एक्सएमएलमध्ये अँपरसँडसारखे एक चिन्ह नीट न बदलता गेले की पूर्ण फाइल अवैध ठरते; हजारातील एका डब्याच्या नावामुळे ९९९ डबे वाचता येत नाहीत. म्हणून एक्सएमएल कधीही स्ट्रिंगा जोडून लिहू नका, लायब्ररी वापरा.

शिळी फाइल आणि नाहीसे झालेले डबे

डबे हरवतात, ओले होतात, मालक छंद सोडतो. तात्पुरता बंद असलेला डबा आणि कायमचा निकालात काढलेला डबा यांत फरक असतो, आणि फाइलीत ‘अव्हेलेबल’ व ‘आर्काइव्ह्ड’ अशी दोन वेगळी फील्डे त्यासाठी आहेत. अडचण अशी की निकालात निघालेले डबे पॉकेट क्वेरीत येतच नाहीत. तुम्ही दर आठवड्याची फाइल स्वतःच्या डेटाबेसमध्ये मिसळत गेलात, तर नवे डबे कळतात, बदललेले कळतात, गेलेले कळत नाहीत. ते तुमच्याकडे जिवंतच राहतात.

जीसॅक या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमचे वापरकर्ते यावर एक तोडगा वापरत आले आहेत: प्रत्येक डबा शेवटचा कोणत्या तारखेच्या फाइलीत दिसला ते साठवायचे, आणि बरेच दिवस न दिसलेल्यांवर संशय घ्यायचा. तोडगा उपयोगी आहे, पण नीट विचार करा. डबा फाइलीत नाही याची कारणे किती असू शकतात? तो निकालात निघाला असेल. किंवा १००० च्या मर्यादेबाहेर ढकलला गेला असेल. किंवा मालकाने त्याची जागा बदलल्यामुळे वर्तुळाबाहेर गेला असेल. किंवा क्वेरीत ‘मला न सापडलेले’ असा निकष होता आणि मधल्या काळात तो मला सापडला. अनुपस्थितीचे हे चार अर्थ फाइल पाहून वेगळे करता येत नाहीत.

खरा उपाय पुरवठादाराकडे आहे. ओपनकॅशिंग ही जर्मनी, पोलंड आणि इतर काही देशांत चालणारी स्वतंत्र संकेतस्थळे आहेत, आणि त्यांची ‘ओकेएपीआय’ ही खुली प्रोग्रॅमिंग-सोय विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. त्यात एकदा पूर्ण डेटा घ्यायचा आणि नंतर फक्त बदलांची यादी मागायची, अशी सोय आहे. त्या यादीत ‘बदला’ आणि ‘काढून टाका’ अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी येतात. काढून टाकण्याची नोंद स्वतंत्रपणे पाठवणे, ही छोटीशी गोष्ट संपूर्ण संशयाचा प्रश्न मिटवते.

मिसळताना तारीख कोणती पाहायची, यातही गफलत होते. फाइलीच्या सुरुवातीला असलेली वेळ म्हणजे फाइल तयार झाल्याची वेळ. पॉकेट क्वेरीतील ‘डब्ल्यूपीटी’च्या आत असलेली वेळ म्हणजे डबा ठेवल्याची तारीख. दुसरी पाहून नवी-जुनी नोंद ठरवली तर काहीच कधी बदलणार नाही. आणि कॉम्प्युटरवर फाइल कधी उतरवली ती वेळ तर निरुपयोगीच. कालची फाइल आज पुन्हा कॉपी केली की ती ‘नवी’ होते आणि ताज्या नोंदींवर बसते.

फाइलीसोबत प्रश्नही पाठवा

वरच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फाइलीत उत्तर असते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे नसते. म्हणून एक्स्पोर्टची रचना करताना माझा आग्रह असा असतो की फाइलीच्या मथळ्यात, जीपीएक्स १.१ च्या मेटाडेटामध्ये विस्तार म्हणून, प्रश्न पूर्ण लिहावा: केंद्रबिंदू, त्रिज्या, प्रत्येक फिल्टर आणि त्यात ‘माहीत नाही’ला काय केले ते, मर्यादा किती होती, निकषांत बसणारे एकूण किती होते आणि फाइलीत किती आले, डेटा कोणत्या क्षणाचा आहे. एवढे असले की अनुपस्थितीच्या चार अर्थांपैकी मर्यादेचा अर्थ लगेच निकालात काढता येतो, ‘मला न सापडलेले’चा अर्थ स्वतःच्या नोंदींशी ताडता येतो, आणि जंगलात नेटवर्क नसतानाही मोबाइल सांगू शकतो की ही यादी सहा दिवसांची आहे आणि अपुरी आहे.

याला एक किंमत आहे. केंद्रबिंदू बहुतेकांच्या बाबतीत घराचा असतो. अशी फाइल मित्राला पाठवली की घराचा पत्ता पाच दशांश स्थळांपर्यंत पाठवला. म्हणून ‘स्वतःसाठी’ आणि ‘इतरांना देण्यासाठी’ असे दोन एक्स्पोर्ट ठेवावेत. दुसऱ्यात केंद्र काढून टाकावे आणि फाइलीतील डबे अंतराच्या क्रमाने न लावता कोडच्या क्रमाने लावावेत. नाहीतर पहिल्या डब्यावरून घर ओळखता येते.

सरावासाठी

पहिला प्रश्न. जीसी कोडच्या पुढचा भाग ही खरी एक संख्या आहे. एफएफएफएफ पर्यंतचे कोड १६ च्या पायात आहेत. त्यापुढे, जी-०-०-० पासून, ३१ चा पाया वापरतात : दहा अंक आणि आय, एल, ओ, एस, यू वगळून उरलेली २१ अक्षरे, मिळालेल्या किमतीतून ४११,१२० वजा करायचे. जी या अक्षराची किंमत १६ धरून दाखवा की जी-०-०-० म्हणजे बरोबर ६५,५३६ येतात. मग चार अक्षरी शेवटचा कोड आणि पाच अक्षरी पहिला कोड यांच्या संख्या काढा आणि सांगा: कोडचा रकाना मजकूर म्हणून क्रमाने लावला तर या दोघांचा क्रम काय लागेल, आणि त्यावर पाने पाडणाऱ्या प्रोग्रॅमचे काय होईल?

दुसरा प्रश्न. डबे, गुणधर्म आणि ‘मला सापडलेले’ अशी तीन टेबले धरून आपल्या बर्लिनच्या वापरकर्तीचा पूर्ण प्रश्न एसक्यूएलमध्ये लिहा. सोबत दुसरी क्वेरी लिहा, जी फक्त ‘माहीत नाही’ या कारणाने वगळलेल्या डब्यांची संख्या देईल. दोन्ही क्वेरी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये का चालवाव्यात?

तिसरा प्रश्न प्रात्यक्षिकाचा आहे. ज्यात एकही डबा बसत नाही असा प्रश्न विचारा आणि तुमच्या प्रोग्रॅमने तयार केलेली रिकामी जीपीएक्स फाइल दुसऱ्या कोणत्याही नकाशा-अ‍ॅपमध्ये उघडून पाहा. ती वैध आहे का, आणि ती रिकामी का आहे हे तिच्यातून कळते का, ते दोन ओळींत लिहा.